दोन काठांचे कायदे

आमच्या घरात ताटात भाकरी पडायच्या आधी सवाल पडायचा. नाना, म्हणजे माझे वडील, पाटावर बसायचे, पाण्याचा तांब्या उजव्या हाताला सरकवायचे, भाकरीचा पहिला घास मोडायचे आणि तो तसाच हातात धरून म्हणायचे, "सवाल ऐक." जवाब मिळेपर्यंत तो घास हवेतच राहायचा. नानांनी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवायला लागायचं नाही ही मायची शिस्त, आणि जवाब आल्याशिवाय घास घ्यायचा नाही ही नानांची. या दोघांच्या कात्रीत माझ्या लहानपणीची निम्मीअधिक आमटी मी गार झालेली खाल्ली आहे. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी गार झाली की तिच्यावर मसाल्याचा एक दाट थर बसतो, तो बोटानं बाजूला करावा लागतो. आजही कुणी जेवताना मला कोडं घातलं की माझ्या डोळ्यांपुढं तो थर येतो आणि माझं डोकं फिरतं.

सवाल असे असायचे. आपलं हैदराबाद संस्थान हिंदुस्थानातलं सगळ्यात श्रीमंत, मग चिमूटभर मीठही बाहेरून का आणावं लागायचं? (समुद्रच नव्हता म्हणून.) या शहरात एकाच दिवशी एका माणसाच्या जन्माच्या चार वेगवेगळ्या तारखा कशा निघतात? (निजाम सरकारची फसली, हिजरी, इंग्रजी आणि आपल्या पंचांगाची तिथी.) मुंबईची घड्याळं देशाच्या घड्याळाच्या अर्ध्या तासाहून जास्त मागं का? (मुंबईनं आपली जुनी वेळ सोडली नव्हती म्हणून.) एकदा त्यांनी एका गावाची गोष्ट सांगितली होती. गाव इंग्रजांचं आणि भोवती चहूकडून मुलूख निजामाचा. निजामाच्या हद्दीत चोरी करून चोर त्या गावात शिरला की पोलीस वेशीबाहेर बिड्या ओढत बसायचे. आत जायचं तर परक्या सरकारची परवानगी लागायची. "सवाल असा," नाना म्हणाले, "की चोर कधी पकडला गेला?" आम्ही तिघी बहिणी गप्प. आमटी गार. शेवटी त्यांनीच सांगितलं, "त्याची बायको निजामाच्या गावातली होती. सणाला सासुरवाडीला आला आणि सापडला!" आणि घास तोंडात टाकून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

माझा नातू हल्ली मोबाइलवर मला रोज काहीतरी पाठवतो. अमक्या देशात कोंबडीनं रस्ता ओलांडणं गुन्हा आहे, तमक्या गावातून दोन देशांची सीमा एका घराच्या स्वयंपाकघरातून जाते. खाली हसरे चेहरे. "आजी, तुला माहीत होतं का?" मी कधी उत्तर देत नाही. त्याला वाटतं आजीला मोबाइल नीट येत नाही. मला सगळं येतं. पण अशा मजेदार कायद्यांच्या गोष्टी वाचताना मला नेहमी वाटतं, त्या स्वयंपाकघरात राहणाऱ्या बाईला कुणी विचारलं असेल का, बाई गं, तुझं कसं चाललंय? ज्याला त्या घरात राहायचं नसतं त्यालाच ती गोष्ट मजेदार वाटते. आणि हे मी कोणत्याही पुस्तकातून शिकले नाही, सोळाव्या वर्षी आमच्या बैठकीत, हातात पाण्याचे पेले घेऊन उभी असताना शिकले.

नाना मूळचे चिकलठाण्याचे. तेव्हा तिथं ना विमानतळ होता ना कारखाने, नुसती काळी जमीन आणि बाभळी. भावांनी शेती धरली, नानांनी उर्दू धरली. त्या काळी कोर्टकचेरी सगळी उर्दूत चालायची. नाना कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली पेटी मांडून बसायचे आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. अर्जनवीस म्हणायचे त्यांना. वकील नव्हेत, पण वकिलांना आडून सल्ला विचारावासा वाटेल इतकं त्यांना ठाऊक असायचं. एका म्हाताऱ्या वकिलानं काम सोडलं तेव्हा त्याची जुनी कायद्याची पुस्तकं नानांनी रद्दीच्या भावात उचलून आणली होती. इथली, मुंबईकडची, मद्रासकडची. रात्रंदिवस त्यातच त्यांचं नाक. पक्षकाराला कोर्टात उभं करण्याआधी ते एकच गोष्ट बजावायचे, "जेवढा सवाल, तेवढाच जवाब. एक अक्षर जास्त बोललास तर मेलास." हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडायचं की आमच्या गल्लीतली पोरं खेळतानाही ते म्हणायची.

आम्ही राहायचो रंगारगल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. पुढची बैठकीची, मागची चुलीची. मधे दार होतं, पण त्याला फळ्या नव्हत्या, नुसता पडदा. दिवसभर गल्लीत ओलं कापड दगडावर आपटल्याचा आवाज, गटारातून कधी निळं पाणी वाहायचं तर कधी लाल. सकाळी टांग्याच्या घोड्यांच्या टापा, पाच वेळा बांग, संध्याकाळी विठ्ठलमंदिरातली झांज. माय म्हणायची, "या गल्लीत लुगडं वाळत घातलं की संध्याकाळी दुसऱ्याच रंगाचं घरात येतंय." मायला सगळ्याच गोष्टींचा वैताग होता, पण तो ती बोलून मोकळी व्हायची. माझा वैताग आतल्या आत शिजायचा.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि शहरात सगळं बदललं. शुक्रवारची सुट्टी रविवारवर गेली. फसली महिने गेले. लोक आनंदात होते, आम्हीही होतो. मी स्वतः पेढे खाल्ले होते. पण हळूहळू कोर्टातली उर्दूही गेली आणि लिंबाखालच्या नानांच्या पेटीपुढची गर्दी पातळ झाली. इंग्रजी आणि मराठी टंकलेखन येणारी दोन तरुण मुलं समोरच बसायला लागली. नाना मराठी बोलायचे, पण अर्जातलं मराठी त्यांच्या हातून उर्दूच्या चालीनं उतरायचं आणि साहेब ते परत पाठवायचे. आणि माझं काय झालं, तर मी सातवीपर्यंतचं सगळं उर्दूतून शिकलेली. जुगराफिया, म्हणजे भूगोल, माझा पक्का होता. एका सुट्टीत शाळा मराठी झाली आणि मला पुन्हा खालच्या वर्गात बसवलं. मी चिडले, रडले, पण वर्षा-दीड वर्षात भरून काढलं. आमच्या बाईंनी घरी येऊन सांगितलं होतं की ही मॅट्रिक होईल, हिला काढू नका. मला बाई व्हायचं होतं. शाळेतल्या बाई. स्वतःची छत्री, स्वतःची पिशवी, आणि वर्गात सवाल विचारणारी मी. हे माझं स्वप्न घरात कुणाला माहीत नव्हतं असं नाही, मायला माहीत होतं.

अशा दिवसांत दगडूमामा आला. दगडूमामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ, गंगेकाठच्या गावचा. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तिच्या अलीकडं तेव्हा आमचं हैदराबाद राज्य होतं, पलीकडं मुंबई राज्य. तो आला की पोतंभर काहीतरी आणायचा, या वेळी ऊस आणला होता आणि माझं स्थळ.

"दाजी, असं स्थळ दिवा घिऊन शोधलं तरी नाय घावायचं," तो नानांना म्हणाला. "गंगेपल्याड, नगर जिल्ह्यात. उसाचा मळा, दोन मोटा, घरात दूधदुभतं. हुंडा नाय, मानपान नाय. पोरगी अंगावरच्या लुगड्यावर न्यायला तयार हायत."

"मग अडचण काय?" मायनं विचारलं. ती मामाची बहीण होती, त्याला ओळखून होती.

मामानं उसाचं कांडं गुडघ्यावर मोडलं. "पयली बायको हाय. पन मूलबाळ नाय. तिची ना नाय, तिला इचारलंय. आन् तिकडं मुंबई सरकारनं दुसऱ्या बायकोला बंदी केलीया, तवा लगीन हिकडं, आपल्या काठाला लावायचं. हिकडं लागतंय ना, दाजी?"

मी पडद्याआड उभी होते. आता नाना उठतील, मामाच्या हातातला ऊस हिसकावून बाहेर फेकतील असं मला वाटलं. नानांचे डोळे चमकले. ती चमक मी ओळखत होते. ती सवालाची चमक होती.

"लागतं की," नाना म्हणाले. "अरे, काय मजेदार गोष्ट आहे पाहा! एकच नदी. दोन्हीकडं तीच माणसं, तोच खंडोबा, त्याच शिव्या. पण अलीकडं दोन बायका केल्या तरी कायदा तोंडातून ब्र काढत नाही, पलीकडं गेलं की गुन्हा! अलीकडं दारू प्या, पलीकडं वास आला तरी आत! दगडू, तू कधी हा विचार केलास?"

मामानं तो विचार केलेला नव्हता. त्यानं एवढंच ऐकलं की लागतं. पुढच्याच आठवड्यात मंडळी बघायला येणार असं ठरवून तो गेला. आणि नाना पुढचे चार दिवस लिंबाखाली, गल्लीत, दुकानात, भेटेल त्याला नदीच्या दोन काठांची गोष्ट रंगवून सांगत राहिले. लोक तोंडात बोटं घालायचे. त्या गोष्टीत एक मुलगी होती आणि ती मुलगी मी होते, याची नानांना आठवण होती की नाही देव जाणे. त्यांना त्या गोष्टीतली नदी फार आवडली होती.

मी मायला धरलं. ती जात्यावर बसली होती. मी म्हणाले, मला नाही जायचं, मला शिकायचंय, आणि सवत म्हणून तर मुळीच नाही. मायनं जातं थांबवलं नाही. म्हणाली, "मला का सांगतीस? मी काय सरकार हाय? तुज्या पाठीवर दोघी हायत. घरात काय शिजतंय ते तुला दिसतंय ना?" मी म्हणाले, मग नानांना सांग. तर म्हणाली, "त्यायला मी इचारलं, पोरगी सुखात राहील ना. तर म्हणाले, सुखाचा कायदा अजून कुठल्याच सरकारनं केला नाय. आता यावर मी काय बोलू, डोंबल?" आणि तिनं खुंटा असा गरागरा फिरवला की पीठ जात्याबाहेर उडालं.

वाचणाऱ्याला वाटेल, बापापुढं उभं राहून सांगायला काय झालं होतं? काय झालं होतं ते सांगते. आमच्या घरात मुलींनी जवाब द्यायचे असत. सवाल नानांचे. सात-आठ वर्षं मी त्यांच्यापुढं रोज बसले होते, शेकडो जवाब दिले होते, पण आपण होऊन एक वाक्य कधी बोलले नव्हते. मुभा नव्हती असं नाही. पण ती वाटच कधी पडली नव्हती. चार दिवस मी जेवताना वाट पाहिली की आज तरी नाना विचारतील. त्यांनी विचारलं, हैदराबादच्या टपाल तिकिटावर किती लिपी असायच्या. मी बरोबर जवाब दिला. नाना "शाबास" म्हणाले. त्या शाबासकीचा मला जेवढा राग आला तेवढा दगडूमामाचाही आला नव्हता.

पाहुणे आले त्या दिवशी मायनं पुरण घातलं होतं. येसराची आमटी, कुरडया, भजी. उसनी चादर बैठकीत अंथरली होती. आबासाहेब म्हणजे ते स्थळ. चाळिशीच्या पुढचे, अंगानं भरलेले, पांढरा फेटा, बोलायला वाईट नव्हते. त्यांच्याबरोबर मामा आणि दोन बायका. एक त्यांची म्हातारी चुलती. दुसरी पस्तिशीची, उंच, काळीसावळी, हातात ओटीचं ताट. मामा मायच्या कानात पुटपुटला, "तीच. गयाबाई. पयली." मायच्या हातातली पळी थांबली. जिच्यावर सवत आणायची ती बाई स्वतः, नारळ, खण आणि हळदीकुंकू घेऊन, मला पाहायला आली होती. तसा रिवाजच होता म्हणतात, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की तिला न विचारता केलं. नानांना यातलं काहीच कळलं नव्हतं. बायका सरळ आत आल्या आणि नाना बाहेर आबासाहेबांना लोड सरकवत होते.

गयाबाई चुलीजवळ बसल्या. त्यांनी मला जवळ बोलावलं, माझा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. पोरीच्या हातात काम किती आहे ते पाहत असतील असं मला वाटलं. माझ्या बोटाला शाई लागलेली होती. "साळंत जातीस?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "कितवीत?" मी सांगितलं. त्यांनी हात लवकर सोडला नाही. मग मायकडं वळून हळूच म्हणाल्या, "माझं मन इचाराल तर मी कशाला हो म्हनंन, वैनी? पन मला म्हनाले, तू ना म्हनलीस तरी त्या काठाला लगीन व्हतंय, कायद्यानं तुला इचारायचं कारन नाय. मंग म्हनलं, निदान पोरगी तरी बघून यावी." मायनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं होतं की मी गयाबाईंचा द्वेष करीन. मला त्यांच्यावर चिडता येईना, आणि त्यामुळं बाकीच्या सगळ्यांवर दुप्पट चीड आली.

मला पाण्याचे पेले घेऊन बाहेर पाठवलं तेव्हा बैठकीत गप्पा रंगात आल्या होत्या. आबासाहेब तक्रार करत होते. त्यांचा गडी परवा या काठाला येऊन प्यायला होता, पैलतीरी उतरला आणि पोलिसांनी धरला.

"आता सांगा," आबासाहेब म्हणाले, "प्याला हिकडं. हिकडं गुन्हा नाय. मंग तिकडं कसा धरला?"

झालं. नानांनी मांडी सावरली. "सवाल ऐका, आबासाहेब. प्याला इकडं, पण दारू कुठं होती? पोटात! ती काय नदीत उतरून राहिली? त्याच्याबरोबर तीही पलीकडं आली."

मामा हसला. आबासाहेबही हसले. "खरंय, खरंय."

"तस्संच तुमचं लग्न!" नाना म्हणाले.

मामाचं हसू थांबलं. पण नाना आता थांबणारे नव्हते. इतक्या दिवसांत त्यांना इतका चांगला दाखला सापडला नव्हता. "तुम्हाला वाटतं, इकडं लग्न लावलं की इकडचा कायदा. लोक इथंच फसतात. मुंबई सरकार काही खुळं नाही. त्यांनी कायद्यातच लिहून ठेवलंय, की आमच्या मुलखाच्या रहिवाशानं मुलखाबाहेर जाऊन दुसरं लग्न केलं तरी ते रद्द! लग्नच नाही ते! आणि वर शिक्षा. अंगावरचा कायदा माणसाबरोबर नदी ओलांडतो, आबासाहेब. तो गंगेत धुतला जात नाही. आहे की नाही गंमत?"

पडदा सरकला. गयाबाई दारात उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर नीट होता, पण आवाज नीट नव्हता. "म्हंजी? ही पोरगी माझी सवत व्हनारच नाय?"

ही बाई कोण, हे नानांनी विचारलं नाही. चांगला सवाल आला की तो कुणाचा आहे हे ते कधी पाहत नसत. "नाही, बाई. तुमच्या काठावर ती कुणीच नाही," माझ्याकडं बोट दाखवून ते म्हणाले. "बायको नाही, सवत नाही. उद्या घराबाहेर काढली तर दाद कशाच्या जोरावर मागणार? लग्नच झालेलं नाही!"

"आन् पयलीनं फिर्याद केली तर?"

"शाबास!" नाना मांडीवर थाप मारून म्हणाले. "हाच खरा सवाल! तर नवरा आत. आणि लग्न लावणारेही थोडेफार गोत्यात."

त्या वेळी मी पेल्यांचं ताट धरून मधोमध उभी होते. आबासाहेबांचा चेहरा फेट्याखाली काळाठिक्कर पडला होता. गयाबाई नवऱ्याकडं पाहत राहिल्या, आणि मी पाहिलं की इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्यांनी आधी खाली पाहिलं नाही, आबासाहेबांनी पाहिलं.

"उठा," गयाबाई म्हणाल्या. "घरी चला."

"अगं, पन जेवन—"

"घरी हाय जेवन."

जाताना त्या आत आल्या, ताटातला नारळ आणि खण माझ्या ओटीत घातला आणि म्हणाल्या, "आनलंय ते परत न्यायचं नसतं. लेकीला दिलं म्हन. खणाचं पोलकं शिव, साळंत घाल." मायनं त्यांना कुंकू लावलं. दोघींपैकी कुणीच रडलं नाही. बाहेर आबासाहेब जोड्यात पाय घालता घालता मामाला म्हणाले, "ह्यो सोयरा हाय का फौजदार?" मामा जाता जाता दारातून ओरडला, "दाजी, तुमचं तोंड शिवून टाकाय पायजे! सोन्यासारखं स्थळ घालवलं!" टांगा गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत त्याची बडबड ऐकू येत होती.

नंतर या गोष्टीचं गल्लीत काय झालं ते मी आयुष्यभर ऐकत आले. नाना किती धोरणी! बाईला बरोबर ओळखलं आणि दारूच्या निमित्तानं कसा डाव टाकला! पोरीला कसं अलगद सोडवलं! माझ्या लग्नात, लेकरांच्या बारशात, नानांच्या तेराव्यालासुद्धा लोकांनी मला हे सांगितलं. मी मान हलवली. पण आता ऐंशी उलटल्यावर कुणाची भीड? डाव वगैरे काही नव्हता. पाहुणे गेल्यावर नाना खट्टू होऊन बसले होते, कारण मुंबईच्या घड्याळांची गोष्ट सांगायची राहून गेली होती. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

एवढं सगळं पुरण उरलेलं. मायनं ताटं वाढली. नाना पाटावर बसले. त्यांनी तांब्या सरकवला. माय समोर उभी राहिली, हातात पळी.

"अवो," ती म्हणाली, "ही बाई पयली व्हती. त्याची बायकू."

"असं?" नाना म्हणाले. "हुशार बाई आहे."

"ते राहू द्या. मला सांगा, लगीन रद्द, शिक्षा, पोरगी कुणीच नाय, हे सगळं तुमाला आधीपून ठावं व्हतं?"

"होतं की."

"मंग दगडू आला तवा का नाय बोललात?"

नानांनी तिच्याकडं असं पाहिलं जसं एखाद्या पक्षकाराकडं पाहायचे. "मला विचारलं कुठं कुणी? दगडूनं विचारलं, लग्न इकडं लागतं का. इकडं लागतं. मी सांगितलं, लागतं. जेवढा सवाल, तेवढा जवाब."

मायच्या हातातली पळी आमटीच्या भांड्यात पडली. आणि माझ्या तोंडातून, मी आवरायच्या आत, उभ्या आयुष्यातला नानांना केलेला पहिला सवाल बाहेर पडला.

"नाना, मला तरी कुणी विचारलं?"

नानांचा घास हवेत होता. तो तसाच राहिला. त्यांना कितीतरी कायदे तोंडपाठ होते. त्यांनी छताकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, तांब्याकडं पाहिलं. मग त्यांनी घास ताटात परत ठेवला आणि हात धुवून बाहेर जाऊन बसले. मला बरं वाटायला हवं होतं. मला फक्त थकवा आला. पाठच्या दोघींनी पुरणाच्या पोळ्या खाल्ल्या. त्यांची आमटी गरम होती.

त्यानंतर काही दिवस आमच्या जेवणात सवाल नव्हता. नाना बसायचे, मुकाट्यानं जेवायचे, उठायचे. भांडी वाजल्याचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू यायला लागला. इतकी वर्षं ज्याचा वैताग केला तो सवाल नसला तर घर सुनं वाटतं, याचाही मला वैताग आला. शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले होते आणि त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

मग एका सकाळी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती, नानांनी पहिला घास मोडला आणि थांबले. "सवाल ऐक," ते म्हणाले. आणि पुढं त्यांना सुचेना. माझ्याकडं सरळ न पाहता, चटणीकडं पाहत म्हणाले, "तुला... पुढं शिकायचंय काय?"

"शिकायचंय," मी म्हणाले. "मॅट्रिक व्हायचंय. मग शाळेत बाई व्हायचंय."

नानांनी मान वर केली. खरोखरीच चकित झाले होते ते. घास तोंडात टाकला, दोनदा चावला आणि म्हणाले, "मग आधी सांगायचं नाही का, बाई!"

मायनं कपाळावर हात मारून घेतला. मला ते ताट उचलून भिंतीवर फेकावंसं वाटलं. मी ते फेकलं नाही. मी भाकरी मोडली, चटणीवर तेल ओतून घेतलं आणि दात आवळून, रागानं, पोटभर जेवले, आणि तोंड धुवून शाळेत नाव घालायला गेले.